कम्युनिटी कॉलेजातून खगोलशास्त्राकडे : एका पालकांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला मुलगा यंदा सनीव्हेलच्या हायस्कुलातून उत्तीर्ण झाला. त्याला खगोलशास्त्र शिकायचे आहे, बर्कली आणि लॉस एंजेलिस या दोन्ही विद्यापीठांनी त्याला प्रवेश नाकारला, आणि आता तो घराजवळच्या डी अँझा किंवा फूटहिल या कम्युनिटी कॉलेजात नाव घालायचे म्हणतो आहे. तेथे खगोलशास्त्राचे खरे शिक्षण होते का, त्यातून पुढे पोटापाण्याचे काही निघते का, आणि नाशिकला बारावीत शिकणाऱ्या भाच्यालाही याच वाटेने अमेरिकेत आणावे का, असे आपण विचारले आहे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत खगोलशास्त्र शिकवण्यात माझी वीस वर्षांहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून पहिल्या दोन प्रश्नांना माझे उत्तर 'होय' असे आहे. मात्र खगोलशास्त्रज्ञ होण्याची वाट ज्या वर्गाच्या नावात 'खगोलशास्त्र' हा शब्द आहे त्या वर्गातून जात नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात कळली पाहिजे. ती उशिरा कळल्यामुळे वर्ष-दीड वर्ष गमावलेले अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आधी नावाचा घोळ दूर करतो, कारण नातेवाईक नाके मुरडतात त्यामागे तोच असतो. महाराष्ट्रात 'ज्युनिअर कॉलेज' म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांचे जुने नाव तेच होते, आणि इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये सुरू झालेले जोलिएटचे महाविद्यालय आजही स्वतःला ज्युनिअर कॉलेजच म्हणवते. परंतु येथे शिकवला जातो तो चार वर्षांच्या पदवीचा पूर्वार्ध. आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या 'डायरेक्ट सेकंड इयर'ला प्रवेश घेतात, तसा येथील विद्यार्थी दोन वर्षे पूर्ण करून विद्यापीठाच्या थेट तिसऱ्या वर्षाला जातो. हाती पडणारे पदवीपत्र विद्यापीठाचेच असते आणि त्यावर पहिली दोन वर्षे कोठे काढली याचा उल्लेख नसतो. कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये आहेत. राज्यातील रहिवाशाला एका युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे माप) ४६ डॉलर शुल्क पडते. फूटहिल आणि डी अँझा येथे सेमिस्टरऐवजी तिमाही पद्धत असल्याने तोच दर तिमाही युनिटमागे ३१ डॉलर होतो. पूर्णवेळ शिकणाऱ्या नवागतांना पहिली दोन वर्षे हे शुल्कही बऱ्याच ठिकाणी माफ होते. बर्कलीचे वर्षाचे नुसते शिक्षणशुल्क राज्यातील विद्यार्थ्यालाही पंधरा हजार डॉलरांच्या आसपास पडते, हे लक्षात घेतले म्हणजे पैशाच्या बाजूने फारसा वाद उरत नाही.

आता खगोलशास्त्राच्या वर्गाविषयी. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत एक किंवा दोन प्रास्ताविक अभ्यासक्रम असतात, एक सूर्यमालेचा आणि दुसरा तारे, दीर्घिका व विश्वाचा. सारी अमेरिका मिळून दरवर्षी सुमारे अडीच लाख विद्यार्थी असा प्रास्ताविक वर्ग घेतात असा एक अंदाज नेहमी दिला जातो, आणि त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी पुढे विज्ञानाकडे फिरकतही नाहीत. व्यापार, चित्रकला, नर्सिंग शिकणाऱ्यांना पदवीसाठी एक विज्ञान विषय घ्यावा लागतो, म्हणून ते येतात. साहजिकच या वर्गात गणित जवळजवळ नसते. ताऱ्याचा वर्णपट पाहून त्याचे तापमान कसे ओळखतात, कृष्णविवराचा पुरावा कशावरून मिळतो, हे शब्दांत आणि आकृत्यांत समजावले जाते. मला हा वर्ग शिकवायला मनापासून आवडतो आणि तो हलका आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. फूटहिलमध्ये अनेक वर्षे शिकवलेल्या अँड्र्यू फ्रॅकनॉय यांनी दोन सहलेखकांसह लिहिलेले या वर्गाचे पाठ्यपुस्तक ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तके काढणाऱ्या प्रकाशनाने २०१६ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. आपल्या मुलाने ते या उन्हाळ्यातच वाचून काढावे. पण विद्यापीठातील खगोलभौतिकीच्या पदवीची पूर्वतयारी म्हणून या वर्गाचा उपयोग फारसा होत नाही. बर्कलीचेच उदाहरण घ्या. तेथे 'ॲस्ट्रो ७ ए' आणि '७ बी' हे दोन अभ्यासक्रम कॅल्क्युलस व भौतिकशास्त्र गृहीत धरून शिकवले जातात. त्यांच्या तोडीचा वर्ग कम्युनिटी कॉलेजात सहसा नसतो, त्यामुळे बदली घेऊन, म्हणजे दोन वर्षांनंतर विद्यापीठात गेलेला विद्यार्थी ते तेथे गेल्यावरच करतो.

मग या दोन वर्षांत करायचे काय, तर गणित आणि भौतिकशास्त्र, आणि तेही ठराविक क्रमाने. डी अँझाची तिमाही पद्धत धरली तर कॅल्क्युलसच्या चार तिमाह्या, त्यानंतर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा, आणि त्यांच्या जोडीने भौतिकशास्त्राची '४ ए' ते '४ डी' ही मालिका, म्हणजे यामिकी, विद्युत्-चुंबकत्व, उष्णता व प्रकाश आणि आधुनिक भौतिकी. पहिले कॅल्क्युलस झाल्याशिवाय '४ ए'ला बसता येत नाही, आणि '४ ए' झाल्याशिवाय '४ बी' नाही. सप्टेंबरअखेर कॅल्क्युलस सुरू केले, हिवाळ्याच्या तिमाहीत '४ ए' घेतले आणि मध्ये कोठेही अडखळला नाही, तरच हे सारे दोन वर्षांत बसते. या साखळीत एकही सैल कडी नाही. एक विषय राहिला किंवा एका वर्गात जागा मिळाली नाही, तर मागचे सगळे डबे एका तिमाहीने मागे सरकतात आणि विद्यापीठात जाणे मात्र पूर्ण एक वर्षाने लांबते, कारण तेथे प्रवेश बहुधा वर्षातून एकदाच, शरद ऋतूत असतो.

म्हणूनच पहिल्या आठवड्यातील सर्वांत मोठा निर्णय कोणता, असे विचारले तर तो गणिताचा कोणता वर्ग मिळतो हा आहे. आपल्या मुलाने हायस्कुलात एपी कॅल्क्युलस, म्हणजे महाविद्यालयीन पातळीचे कॅल्क्युलस, केले असेल आणि परीक्षेत चांगले गुण असतील, तर त्याला एक-दोन तिमाह्यांची सूट मिळू शकते. ती आनंदाने घ्यावी. २०२२ मध्ये राज्यात झालेल्या कायद्यानंतर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी थेट कॅल्क्युलसमध्येच बसवतात. ज्याचे बीजगणित व त्रिकोणमिती कच्चे आहेत अशा मुलाची यात ओढाताण होते. त्याने सुट्टीत ते पक्के करावे, कारण पुढे त्यासाठी वेळ मिळत नाही.

दुसरा धोका भौतिकशास्त्राच्या दोन मालिकांचा आहे. बहुतेक महाविद्यालयांत कॅल्क्युलसवर आधारलेली एक मालिका असते आणि वैद्यकीय किंवा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी केवळ बीजगणितावर चालणारी दुसरी. डी अँझात तिला '२ ए' पासूनचे क्रमांक आहेत. मी अर्धवेळ शिकवत असलेल्या एका महाविद्यालयात माझ्या वर्गातील एका मुलीला समुपदेशकाने ही दुसरी मालिका सुचवली. 'भौतिकशास्त्र ते भौतिकशास्त्रच' असा त्यांचा समज असावा. तिने तीन सत्रे उत्तम गुणांनी पूर्ण केली आणि विद्यापीठाने त्यांतले काहीच खगोलभौतिकीसाठी धरले नाही. ती पुन्हा पहिल्यापासून बसली, आज ती एका विद्यापीठात पीएच.डी. करते आहे, पण ते एक वर्ष कोणी तिला परत दिले नाही. समुपदेशकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. एकेका समुपदेशकाकडे शेकडो विद्यार्थी असतात आणि खगोलशास्त्राचा विद्यार्थी त्यांना वर्षातून एखादा भेटतो. परंतु आपण स्वतः 'असिस्ट' या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासून घ्यावे. तेथे आपले महाविद्यालय, हवे ते विद्यापीठ आणि हवा तो विषय निवडला की येथील कोणता वर्ग तेथील कोणत्या वर्गाच्या बरोबरीचा धरला जाईल याची यादी समोर येते. ती यादी छापून भिंतीवर लावणारे विद्यार्थी सहसा चुकत नाहीत.

बदलीच्या वेळापत्रकाचे एक वैशिष्ट्य पालकांच्या लक्षात येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा (बर्कली, लॉस एंजेलिस हे त्याचेच परिसर) अर्ज नोव्हेंबरच्या अखेरीस भरायचा असतो, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शरद ऋतूत जाणाऱ्या अर्जावर गुण दिसतात ते प्रामुख्याने पहिल्या वर्षाचे. 'पहिले वर्ष सवय होण्यात गेले' असे म्हणायला येथे वाव नाही. डेव्हिस, आयर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बारा आणि सांता क्रूझ या सहा परिसरांत ठराविक अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी मिळू शकते. या हमीचा अर्ज सप्टेंबरमध्येच करायचा असतो, आणि विषयागणिक अटी वेगळ्या असतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत. खगोलशास्त्रासाठी मला सांता क्रूझ विशेष वाटते, कारण सॅन होजेच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टनवर उभ्या असलेल्या लिक वेधशाळेचे काम तेथूनच चालते. १८८८ पासून तेथे असलेली ३६ इंची दुर्बीण एकदा मुलाला दाखवून आणा. जेम्स लिक या देणगीदाराची समाधी तिच्या पायथ्याशीच आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या राज्य विद्यापीठांच्या वेगळ्या गटात सॅन डिएगो स्टेटला स्वतंत्र खगोलशास्त्र विभाग आणि माउंट लगूना येथे स्वतःची वेधशाळा आहे. या गटासाठी भौतिकशास्त्रातील 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर' ही दोन वर्षांची पदवी घेतली की गटातील कोणत्या ना कोणत्या परिसरात तिसऱ्या वर्षाचा प्रवेश निश्चित होतो, फक्त तो हव्या त्याच गावी मिळेल असे नाही.

कम्युनिटी कॉलेजात संशोधन होत नाही, हा सर्वसाधारण समज बराचसा खरा आहे. तरीही खगोलशास्त्रात एक पळवाट आहे आणि ती मला फार प्रिय आहे. सॅन लुईस ओबिस्पो येथील क्वेस्टा कॉलेजात रसेल जेनेट यांनी जोडताऱ्यांचे मापन करण्याचा एक संशोधनवर्ग सुरू केला आणि पुढे तो इतरत्रही पसरला. आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या दोन ताऱ्यांमधील कोनीय अंतर आर्कसेकंदांत (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मोजायचे, एक तारा दुसऱ्याच्या कोणत्या दिशेला आहे तो कोन उत्तरेपासून पूर्वेकडे मोजायचा, आणि अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेने सांभाळलेल्या जोडताऱ्यांच्या सूचीतील जुन्या नोंदींशी ताडून पाहायचे. शतक-दीड शतकापूर्वीची नोंद आणि आपले आजचे माप यांत फरक पडला असेल, तर ते दोन तारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात की केवळ एका दिशेला दिसतात, याविषयी काही म्हणता येते. यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही. दूरस्थ चालणाऱ्या दुर्बिणीवर वेळ मिळाला की पुरे. तीन-चार विद्यार्थी मिळून एका सत्रात माप घेतात, लेख लिहितात, परीक्षकांचे शेरे झेलतात आणि जोडताऱ्यांना वाहिलेल्या नियतकालिकात तो छापूनही येतो. एकोणीस वर्षांच्या मुलाने परीक्षकाच्या शेऱ्याला उत्तर लिहिण्यासाठी तिसऱ्यांदा मोजमाप केले, की त्याला हा विषय खरोखर हवा आहे का हे त्याचे त्यालाच कळते. माझ्या वर्गातील काहींना त्याच वेळी नको असल्याचे कळले आणि ते अभियांत्रिकीकडे गेले. तेही ठीकच झाले.

याखेरीज पायथन ही संगणकभाषा त्याने पहिल्या वर्षीच शिकावी. आजचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही, तो बहुतेक वेळ संगणकावर आकड्यांशी झगडत असतो. उन्हाळ्यात नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या पैशावर विद्यापीठांत चालणाऱ्या संशोधन शिबिरांपैकी काही जागा कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात, आणि नासाचाही कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र उपक्रम आहे. आपला मुलगा येथेच जन्मलेला असल्याने त्याला ही दारे उघडी आहेत.

आता पोटापाण्याचे. 'खगोलशास्त्रज्ञ' या नावाची पदे साऱ्या अमेरिकेत दोन हजारांच्या आसपास आहेत. त्यांपैकी एखादे हवे असेल तर पदवीनंतर पाच-सहा वर्षांची पीएच.डी., आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांची एक किंवा दोन तात्पुरती संशोधनपदे, अशी वाट आहे. वयाची तिशी ओलांडल्यावर स्थिर नोकरी मिळते, आणि सर्वांना मिळत नाही. कम्युनिटी कॉलेजातून आल्यामुळे या स्पर्धेत कोणी मागे टाकत नाही. पीएच.डी.च्या प्रवेशसमित्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे गुण आणि संशोधनाचा अनुभव पाहतात. कॅलिफोर्नियात २०१४ पासून चालणारा 'कॅल-ब्रिज' हा उपक्रम तर राज्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना पीएच.डी.पर्यंत हात धरून नेतो, आणि त्या विद्यापीठांत कम्युनिटी कॉलेजातून आलेली मुले पुष्कळ असतात.

परंतु दुर्बिणीभोवती खगोलशास्त्रज्ञांखेरीज कितीतरी माणसे काम करतात, हे पालकांच्या गणितात येत नाही. हवाई बेटांवरील मौना केआच्या शिखरावर केकच्या दोन दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा आरसा ३६ षटकोनी तुकड्यांचा आणि एकूण १० मीटर व्यासाचा आहे. ते तुकडे उतरवणे, त्यांवर पुन्हा लेप चढवणे, रात्रभर दुर्बीण चालवणे, शीतकरण यंत्रणा सांभाळणे ही कामे अभियंते आणि तंत्रज्ञ करतात. तेथील 'आकामाई' हा उपक्रम २००३ पासून हवाईतील विद्यार्थ्यांना, त्यांत कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थीही आले, वेधशाळांत उन्हाळी उमेदवारी देतो. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर हे कोडॅक आणि बॉश अँड लोम यांचे गाव. तेथील मन्रो कम्युनिटी कॉलेजात प्रकाशीय तंत्रज्ञानाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि भिंग घासून तपासणारा कुशल हात तेथून थेट कारखान्यात जातो. आपल्याच परिसरात, मेन्लो पार्कच्या स्लॅक प्रयोगशाळेत, चिलीतील रुबिन वेधशाळेचा ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा बांधला गेला. ती वेधशाळा एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट माहिती गोळा करते, आणि ती चाळण्यासाठी लागणारी माणसे भौतिकशास्त्र व संगणक दोन्ही जाणणारी असावी लागतात. पदवीनंतर माझे सर्वाधिक विद्यार्थी गेले ते याच बाजूला. काही वेधशाळांच्या सॉफ्टवेअरमध्ये, बरेचसे इतर उद्योगांत.

माझ्या स्वतःच्या व्यवसायाविषयीही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांना तो सोपा पर्याय वाटतो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवायला भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र किंवा खगोलभौतिकीतील एम.एस. पुरते, पीएच.डी. लागत नाही. अडचण आहे ती कायम पदांची. अर्धवेळ अध्यापकाला एका महाविद्यालय-जिल्ह्यात पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम देता येत नाही, म्हणून पोट भरण्यासाठी दोन-तीन जिल्ह्यांत वर्ग घ्यावे लागतात. अशा अध्यापकांना येथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. मी सात वर्षे तसा होतो. माझे कार्यालय म्हणजे गाडीची डिकी, आणि तीत चंद्राच्या कलांसाठी थर्मोकोलचे पंचवीस चेंडू कायम असत.

कम्युनिटी कॉलेजचे नाव काढताच तोंड वाकडे करणाऱ्या नातेवाइकांसाठी आयलीन कॉलिन्स यांचे उदाहरण मी नेहमी देतो. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून त्यांनी १९७६ मध्ये दोन वर्षांची पदवी घेतली, नंतर सिरॅक्यूज विद्यापीठात गेल्या, हवाई दलात वैमानिक झाल्या आणि जुलै १९९९ मध्ये स्पेस शटलच्या मोहिमेचे नेतृत्व करणारी पहिली महिला ठरल्या. त्या मोहिमेत कोलंबिया यानाने अवकाशात नेऊन सोडलेली क्ष-किरण वेधशाळा 'चंद्रा', म्हणजे आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची. कॉर्निंगच्या त्या महाविद्यालयातील वेधशाळेला आज कॉलिन्स यांचे नाव आहे, आणि कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीचा आरसा १९३४ मध्ये ओतला गेला तोही त्याच गावच्या काचकारखान्यात.

राहिला भाच्याचा प्रश्न, आणि तेथे माझे मत नकाराचे आहे. परदेशी विद्यार्थ्याला एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळतो, पण रहिवाशाचा दर त्याला लागू होत नाही. शुल्क कित्येक पट, आणि त्यावर या परिसरातील घरभाडे. वर सांगितलेली उन्हाळी शिबिरे आणि नासाचा उपक्रम नागरिकांसाठी, फार तर ग्रीनकार्डधारकांसाठी असतात. अवकाशयाने आणि त्यांची उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांत निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यामुळे परदेशी नागरिकाला घेणे फार अवघड असते. म्हणजे ज्या गोष्टींमुळे ही वाट आपल्या मुलाला फायद्याची ठरते, त्यांपैकी बहुतेक भाच्याच्या हाती येत नाहीत. (ज्यांची मुले एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, येथे वाढली आहेत त्यांनी एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो हे धरूनच या दोन वर्षांचा हिशेब मांडावा.)

शिवाय नाशिकच्या मुलाने या विषयासाठी अमेरिकेत यावे अशी निकड नाही. आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था पुण्यात आहे, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुण्यात आहे, त्यांची महाकाय मीटरतरंग दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला, म्हणजे नाशिक-पुणे रस्त्यापासून जवळच आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. त्याने आयसर या केंद्रीय विज्ञानसंस्थांची प्रवेशपरीक्षा द्यावी, ते न जमल्यास चांगल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे, पुण्यात डिसेंबरच्या सुमारास भरणाऱ्या रेडिओ खगोलशास्त्राच्या हिवाळी शाळेला अर्ज करावा, आणि पुढे जॅम किंवा जेस्ट या उच्च शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करावी. अमेरिकेत यायचेच असेल तर एम.एस्सी. करून थेट पीएच.डी.ला यावे. तेथे शुल्क माफ होऊन वर विद्यावेतन मिळते, आणि आत्या-मामांना त्याच्या युनिटांचा दर विचारत बसावे लागत नाही.